पटावरची एकसष्टावी मुलगी: शाळेची पोर्टलं, सरकारचा पैसा आणि आपण

भिवापुरी | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नागपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. गावाचं नाव लिहीत नाही. नागपूरच्या बर्डीवरून बसनं निघालं की पावणेदोन तास लागतात, एवढं पुरे.

आमच्याकडं पहिली ते पाचवी मिळून ६१ लेकरं आहेत. कॅटलॉगवर (हजेरीपटावर) ६१, वर्गात ६१, खिचडीच्या पंगतीत ६१. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन. म्हणजे आमचे तिसरे सर एका लेकरामुळं शाळेत आहेत. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, आणि त्यात आमची फक्त आधार जुळलेली मुलं धरली गेली.

तिसरीतल्या एका मुलीचं आधार जुळत नाही. ती अंगणवाडीत असताना शिबिरात आधार काढलं, तेव्हा कोणीतरी अंदाजानं १ जानेवारी ही जन्मतारीख टाकून दिली. आमच्या दाखल-खारीज रजिस्टरवर खरी तारीख आहे. दुरुस्तीला जन्मदाखला लागतो. जन्म आईच्या माहेरी, भंडारा जिल्ह्यातला. दाखला आहे, पण त्यावर मुलीचं नाव नाही. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, रकाना कोरा राहिला तो राहिलाच. आई मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडायला जाते, किलोवर मजुरी. एक दिवस दाखल्यासाठी गेला, दोन दिवस आधार केंद्रावर. तिन्ही दिवसांची मजुरी बुडाली. दुसऱ्या खेपेला मी स्वतः मोटरसायकलवर मायलेकींना घेऊन गेलो, तर यंत्र बंद. तिथल्या बाकावर बसून ती मुलगी मला विचारते, "सर, माझं नाव शाळेतून काटून राहिले का?"

मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून झोप लागत नाही म्हटलं तरी चालेल.

खात्याच्या हिशोबानं आम्ही आज ६० आहोत. सर अतिरिक्त ठरले तर समायोजनात दुसऱ्या शाळेवर कुठंही जातील आणि पाच वर्ग दोघांनी ओढायचे.

आता रोजचं ऐका. किती मुलांनी खिचडी खाल्ली ते पोषण आहाराच्या ॲपवर भरायचं. यू-डायस प्लस या केंद्राच्या पोर्टलवर प्रत्येक मुलाची उंची-वजनापासून माहिती, तीच बरीचशी राज्याच्या सरल पोर्टलवर. अपार या विद्यार्थ्याच्या कायम ओळख क्रमांकासाठी पालकांची संमतीपत्रं. शिवाय ग्रुपवर लिंक येते, ‘अत्यंत तातडीचे, आज दुपारी २ पर्यंत’. तीच माहिती मग एक्सेलमध्ये, आणि वर सही-शिक्क्यानिशी दोन प्रतींत. काही नसलं तरी ‘निरंक’ अहवाल द्यावाच लागतो. कागद होता तिथंच आहे, त्याच्या जोडीला मोबाइल आला. मोबाइल माझा, रिचार्जही माझाच.

सरल २०१५ मध्ये आलं, तेव्हापासून मी माहिती भरतो आहे. त्या माहितीमुळं माझ्या वर्गाला काही मिळालं, असं एकही उदाहरण मला आठवत नाही. तंत्रज्ञानावर सरकार खर्च करतं तो शाळेकडं परत कोणत्या रूपात यायला हवा, हे इथल्या जाणत्या लोकांकडून ऐकायचं आहे.

—

कळमना_बाजार | रविवार, रात्री १०.१५

गुरुजी, तुमच्या मुलीसारखीच आमच्याकडं वीटभट्टीवरची लेकरं. बालाघाट, छिंदवाड्याकडची. पोट्टं दिवाळीनंतर येऊन वर्गात बसतं, पण जुन्या शाळेनं यू-डायसमधून सोडल्याशिवाय आमच्या लॉगिनला घेता येत नाही. पोर्टलच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत दिसेल म्हणून वाट पाहत राहायचं. तिकडच्या मुख्याध्यापकांचा नंबर शोधायचा, तो लागला तर त्यांना समजावायचं. पावसाळा तोंडावर आला की भट्टी बंद होते, बिऱ्हाड गावी जातं. चार-पाच महिने आमच्यासमोर बसून बेरीज-वजाबाकी शिकलेलं पोर कोणाच्याच नोंदीत नसतं.

—

शून्य_मैल | सोमवार, सकाळी ८.०५

मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. सरकारी कंत्राटाशी संबंध नाही, पण माहितीच्या पडताळणीचं काम रोजचं आहे, म्हणून लिहितो.

आधार जुळवताना यंत्र फक्त अक्षराला अक्षर आणि आकड्याला आकडा जुळतो का ते पाहतं. आपली नावं मराठीत एकच असतात, इंग्रजीत त्यांची पाच रूपं होतात. दीपालीतला ‘दी’ एकानं आय लावून लिहिला, दुसऱ्यानं डबल ई लावून, की नाव जुळलं नाही. ही अडचण इथल्या कोणत्याही प्रोग्रॅमरला पहिल्या दिवशी कळते. चांगल्या व्यवस्थेत अशा वेळी तिसरा रस्ता ठेवलेला असतो: ‘माणसानं पाहून खात्री केली’ असा शेरा, त्याखाली पाहणाऱ्याचं नाव आणि तारीख. मुलगी वर्गात बसलेली आहे, आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख भेटीला येतात, त्यांनी पाहावं आणि सही करावी. शाळेतली मुलगी खरी आहे की नाही हे ठरवायला एवढं पुरेसं आहे.

गुरुजी, एक काळजी घ्या. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून दाखल्यावर नाव लागेपर्यंत घाई करू नका. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ प्रमाणे बाळाचं नाव नंतरही नोंदवता येतं, वर्ष उलटून गेलं असेल तर शुल्क लागतं. जिथं जन्मनोंद झाली तिथल्याच निबंधकाकडं जावं लागेल.

आणि बाकीच्या पालकांसाठी: ५ आणि १५ वर्षांनंतरचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरण ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात मोफतच होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभर ७ ते १५ वयासाठीही शुल्क माफ केलं आहे. केंद्रावर पैसे मागितले तर हे दाखवा.

—

वर्धारोडकर | सोमवार, दुपारी १.३०

मी शिक्षण विभागातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. माझं म्हणणं इथं आवडणार नाही, तरी लिहितो.

पटाला आधार का जोडलं ते विसरू नका. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, त्या पथकात मी होतो. कॅटलॉगवर ४५ नावं आणि खोलीत १९ मुलं, असं मी डोळ्यांनी पाहिलं. त्या पटावर तुकड्या मंजूर, तुकड्यांवर शिक्षक, शिक्षकांवर अनुदान आणि वर तांदूळही उचललेला. कागद फार बिनबोभाट खोटं बोलतो. तेव्हाही सह्या होत्या, शिक्के होते, आणि ‘माणसानं पाहून खात्री केली’ असे शेरेही होते. त्यातले काही शेरे माझ्यासारख्यांचेच. भेटीला गेलो, चहा घेतला, सही केली. म्हणून केंद्रप्रमुखाच्या सहीवर सगळं सोडा हे मला धोक्याचं वाटतं.

भिवापुरी गुरुजींच्या मुलीवर अन्याय होतो आहे हे शंभर टक्के मान्य. पण उपाय सांगताना २०११ ची आठवण ठेवा.

—

भिवापुरी | सोमवार, रात्री ९.२०

साहेब, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, त्याबद्दल आभार. पटपडताळणीच्या वेळी मी नोकरीत नवीन होतो. खोट्या पटामुळं खऱ्या शाळांची बदनामी झाली, तेव्हा मलाही राग आला होता. पडताळणीला माझा विरोध नाही. माझं दुखणं वेगळं आहे.

आपल्याच नागपूर विभागात शालार्थचं काय झालं ते बघा. शालार्थ ही पगाराची ऑनलाइन प्रणाली. अनुदानित शाळेत शिक्षक लागला की आधी वैयक्तिक मान्यता, मग विभागीय कार्यालयातून शालार्थ आयडी, आणि तो मिळाल्यावरच पगार. तीन पायऱ्या, प्रत्येकीवर वरिष्ठांची सही. तरी २०२५ मध्ये बनावट आयडींचं प्रकरण बाहेर आलं. गुन्हे दाखल झाले, वरच्या अधिकाऱ्यांना अटका झाल्या, राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. मी फक्त यंत्रणेबद्दल बोलतो.

आमच्या गावात एक खरी मुलगी एका चुकीच्या तारखेपायी हिशोबातून बाहेर पडते. तीच यंत्रणा पगाराच्या टोकाला इतकी ढिली राहिली की आयडी खरा की खोटा हे वर्षानुवर्षं कोणी ताडून पाहिलं नाही. जितकी कडक नजर लेकरांच्या नावावर, तितकीच कडक नजर मान्यतेच्या आदेशांवर का नाही? मान्यतेचा आदेश कोणत्या तारखेला निघाला, जावक क्रमांक काय, त्या दिवशी त्या खुर्चीवर कोण होतं, हे संगणकाला दोन मिनिटांत जुळवता आलं असतं. जुळवायला सांगितलंच नाही कोणी.

—

शून्य_मैल | सोमवार, रात्री १०.०२

गुरुजींनी नेमकं बोट ठेवलं. वर्धारोडकर काका, तुमचा मुद्दाही मी घेतो. नुसती सही पुरणार नाही, तर सहीबरोबर जागेवरचा फोटो, वेळ, आणि दरवर्षी काही शाळांची दुसऱ्या तालुक्याच्या पथकाकडून अचानक तपासणी. सगळ्यांनाच रोज तपासण्यापेक्षा थोड्यांना अवचित तपासणं स्वस्तही पडतं आणि धाकही राहतो. बँकांचं लेखापरीक्षण असंच चालतं.

आपल्याच जिल्ह्यात सातनवरीला २०२५ मध्ये स्मार्ट गावाचा प्रयोग सुरू झाला. तो यशस्वी व्हावा असं मला मनापासून वाटतं. मला काळजी तिसऱ्या वर्षाची आहे. उपकरण बसवण्याचे पैसे एकदा मिळतात. बिघडलेला राउटर नंतर कोणत्या पैशातून दुरुस्त होतो, हे मला शाळांच्या बाबतीत कोणी सांगेल का?

—

हिशोबनीस | मंगळवार, सकाळी ६.४५

मी ३१ वर्षं सरकारी लेख्यांमध्ये काम केलं. राउटरचं उत्तर देतो.

समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेत संयुक्त शाळा अनुदान असतं. ३१ ते १०० मुलांच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये. म्हणजे गुरुजींच्या शाळेला महिन्याला २,०८३. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, डस्टर, रजिस्टरं, झाडू, फिनाइल, नळाची तोटी, २६ जानेवारीचा चुना, इंटरनेट आणि तुमचा राउटर. माहिती भरण्याच्या कामासाठी यात वेगळा रुपयाही नाही. सरकारनं मागितलेली प्रत्येक माहिती गोळा करायला खर्च येतो. तो शिक्षकाच्या खिशातून आणि मुलांच्या तासातून भरला जातो, म्हणून कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

त्यात २०२१ नंतर एकल नोडल खात्याची, म्हणजे योजनेचा पैसा राज्यात एकाच खात्यात ठेवायची पद्धत आली. शाळेच्या खात्यात पैसा पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा तेवढी येते. पडून राहणाऱ्या पैशाचा गैरवापर थांबला हे खरं. पण मर्यादा उशिरा आली की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावाधाव, आणि ३१ तारखेला न वापरलेली रक्कम परत. मी अशा किती फायली पाहिल्या! फेब्रुवारीत पैसे आले म्हणून एका शाळेनं पंखे घेतले, गरज छताच्या दुरुस्तीची होती. छताला महिनाभर लागला असता, पंखे दोन दिवसांत येतात.

आता तुलना करतो. रस्ते नकोत असं मी म्हणत नाही, समृद्धीवरून मी स्वतः मुलाकडं जातो. ७०१ किलोमीटरच्या त्या महामार्गाला सुमारे ५५,००० कोटी लागले, म्हणजे किलोमीटरला साधारण ७८ कोटी. एक कोटीत २५,००० च्या हिशोबानं ४०० शाळांचं वर्षाचं अनुदान निघतं. एका किलोमीटरमध्ये ३१,२०० शाळांचं. तो आकडा काढून मी वही मिटली आणि बराच वेळ बाल्कनीत बसून राहिलो.

कोठारी आयोगानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. २०२० च्या धोरणानं तोच ६ चा आकडा पुन्हा लिहिला. मधे ५४ वर्षं गेली.

—

नंदनवनची_आई | मंगळवार, दुपारी ३.१०

मी शिक्षिका नाही. माझी दोन्ही मुलं सरकारी शाळेत आहेत आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. इथं सगळे पोर्टलवर बोलून राहिले, मला गणवेशाचं सांगू द्या, कारण रोग तोच आहे.

आधी गणवेशाचे ६०० रुपये मुलामागं समितीकडं यायचे, दोन जोड्यांचे. आम्ही आमच्याच वस्तीतल्या ताईकडून शिवून घ्यायचो. ती शाळेत येऊन माप घ्यायची. वाढत्या अंगाचं पोर असलं की शिलाईत दोन बोटं कापड सोडायची. २०२४-२५ ला राज्यानं ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला. कापड वरून कापून येणार, बचत गट शिवणार. आमच्या शाळेत स्वातंत्र्यदिन गेला, गणेशोत्सव गेला, दसरा गेला. आले तेव्हा माझ्या मुलाची बाही मनगटाच्या चार बोटं वर आणि शेजारच्या मुलीला खांद्यावरून घसरणारा. बचत गटाच्या बायकांची यात काय चूक? त्यांना कापलेलंच मिळालं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला, पुढच्या वर्षापासून पुन्हा समितीकडं दिलं. चूक सुधारली हे चांगलं केलं. पण मधल्या वर्षात आमच्या ताईचं शिलाई मशीन रिकामं राहिलं, त्याचं काय?

अंड्यांचंही असंच. पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं तेव्हा बुधवारी हजेरी वाढल्याचं मी स्वतः पाहिलं. जानेवारी २०२५ ला सरकारनं त्याचा पैसा थांबवला, लोकसहभागातून द्या म्हणाले. ज्या वस्तीतल्या लेकरांना अंड्याची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथं लोकसहभाग कुठून आणायचा? आम्ही वर्गणी काढली. दोन महिने चाललं.

आम्हाला माप माहीत असतं. कोणतं पोर उपाशी येतं तेही माहीत असतं. ते विचारायला कोणतीच लिंक येत नाही.

—

तर्रीपोहे | मंगळवार, रात्री ८.३०

वाचून पोटात कालवलं ताई. मी दुकानदार माणूस. आमच्यासारख्यांनी काय करावं, ते कोणी सांगा.

—

सिव्हिल_लाइन्स | बुधवार, सकाळी ७.२०

वकिली करते, म्हणून उपयोगाचं तेवढं लिहिते.

सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, हेही त्यातच आहे. संचमान्यतेत मुलगी न मोजल्यानं तिचा प्रवेश जात नाही, पण तिच्या वाट्याचा शिक्षक जातो. त्या मुद्द्यावर निवेदनात हा निकाल नक्की आणावा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षक लावायला मनाई करतं. माहिती भरणं शैक्षणिक की अशैक्षणिक, यावर खात्याचं आणि शिक्षकांचं जमत नाही, आणि खरं भांडण तिथंच आहे.

तर्रीपोहे भाऊ, माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. एका शैक्षणिक वर्षात एका तालुक्यातल्या शाळांकडून किती वेळा, कोणकोणती माहिती मागवली, एवढंच विचारा. आकडा हातात आला की बोलायला जोर येतो.

—

वर्धारोडकर | बुधवार, दुपारी १२.५०

वकीलताईंना त्या अर्जात एक भर सुचवतो. माहिती मागवल्याचं कारणही विचारा.

आतली गोष्ट सांगतो. ‘दुपारी २ पर्यंत’ हे गटशिक्षणाधिकाऱ्याच्या डोक्यातून निघत नाही. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला असतं, तारांकित प्रश्न लागतो, मंत्रालयातून संचालनालयाला फोन, तिथून विभागाला, विभागातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. प्रत्येक टप्प्यावर साहेब स्वतःसाठी दोन तास राखून ठेवतो, म्हणून शाळेच्या वाट्याला चाळीस मिनिटं येतात. निम्म्या वेळी ती माहिती यू-डायसमध्ये असतेच. पण उघडून पाहणारा तांत्रिक माणूस कार्यालयात नसतो, असला तर कंत्राटी, त्याच्याकडं आधीच चार टेबलं. वरून मागण्यापेक्षा खालून मागवणं सोपं पडतं. मीही मागवत होतो. निवृत्त झाल्यावर नातवाच्या वर्गात एक दिवस बसलो, बाई मोबाइलवर माहिती भरत होत्या आणि मुलं पाढे आपापले म्हणत होती. त्या दिवशी मला माझ्या लिंका आठवल्या.

—

शून्य_मैल | बुधवार, रात्री ११.१५

मग निवेदन करू या. मी कच्चा मसुदा टाकतो, बदल सुचवा. जी माहिती यू-डायसमध्ये आहे ती कोणत्याही कार्यालयानं शाळेकडून पुन्हा मागू नये. मागितलीच तर पत्रावर कारण आणि अधिकाऱ्याचं नाव असावं. आधार न जुळलेली पण वर्गात हजर असलेली मुलं बाहेरच्या पथकाकडून पडताळून संचमान्यतेत धरावीत, आणि तोवर पद कमी करू नये. शालार्थच्या प्रत्येक मान्यतेचा आदेश, तारीख आणि जावक क्रमांक लोकांना पाहता यावा. माहिती भरण्याचा खर्च अनुदानात वेगळा दाखवावा, रक्कम हिशोबनीस काकांनी सुचवावी.

गणवेश आणि अंड्याचा मुद्दा नंदनवनच्या ताईंच्या शब्दांतच घेऊ. मला तो तितका नीट लिहिता येणार नाही.

—

हिशोबनीस | गुरुवार, सकाळी ६.३०

महिन्याला ५०० म्हणजे वर्षाला ६,०००, एवढं तरी धरा. आजच्या अनुदानाच्या २४ टक्के होतात. केंद्र-राज्य वाटणी ६०:४० आहे, त्यामुळं राज्याच्या वाट्याला शाळेमागं २,४०० येतील. आकडा छोटा दिसतो तो दिसू द्या, नाकारणाऱ्याला कारण द्यावं लागेल.

—

भिवापुरी | शुक्रवार, रात्री ९.५५

उशीर झाला, आज भंडाऱ्याच्या बाजूला गेलो होतो. रजा टाकली. मुलीचे बाबा आणि मी, दोघं. जन्मदाखल्यावर नाव चढवायचा अर्ज घेतला, शुल्क भरलं, पुढच्या गुरुवारी दाखला मिळेल म्हणाले. तिथले बाबू चांगले होते, आमच्यासमोरच जुनं रजिस्टर काढून नोंद शोधली. त्यानंतर आधार. संचमान्यतेची तारीख तर निघून गेली, पण शून्य_मैल यांच्या मसुद्यातला आधार न जुळलेल्या मुलांचा मुद्दा लागू झाला तर आमच्यासाठी अजून वेळ आहे.

मसुदा आमच्या तिसऱ्या सरांनी वाचला. त्यांनी एक ओळ घालायला सांगितली: वीटभट्टी आणि सातऱ्यावर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी आधार केंद्राचं फिरतं पथक शाळेत यावं. कळमना_बाजार, तुमच्या ड्रॉपबॉक्सचंही त्यातच लिहा.

मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतात. आपण दहा-बारा जण, आपल्याला मोर्चा नको. आपल्या भागातल्या आमदारांना वेळ मागून प्रत्यक्ष भेटू. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. दीडच्या बसनं निघालो की सव्वातीनपर्यंत बर्डीला पोचतो. कोण कोण येऊ शकेल ते खाली लिहा, आणि कोणाकडं प्रिंटर असेल तर सांगा, शाळेच्या प्रिंटरची शाई संपली आहे.

—

तर्रीपोहे | शुक्रवार, रात्री १०.१०

गुरुजी, प्रिंट माझ्या दुकानात काढू. किती प्रती ते सांगा. बर्डीच्या स्टँडवर मीच घ्यायला येतो.